लंकाबाई मुराळी

मुराळी म्हणजे माहेरचा माणूस. पंचमीला नाहीतर दिवाळीला लेकीच्या सासरी जातो, चहापाणी घेतो आणि तिला माहेरी घेऊन येतो. बहुतेक भाऊच असतो. भाऊ नसला तर चुलता, तोही नसला तर गावातला कुणी मानलेला. पण बाई मुराळी झालेली आमच्या बेलापूरच्या बाजूला कुणी बघितली नव्हती. आमच्या लंकाबाईनं ते करून दाखवलं. तिला सगळ्यात आधी कोण हसलं असेल तर मीच. मिशा चिकटवून जा, म्हटलं होतं.

मी सविता, तिची धाकटी जाऊ. गावात ब्लाउज शिवते आणि तोंडाची फटकळ आहे, हे मी नाही सांगितलं तरी गाव सांगेल. श्रीरामपूरला दहावीपर्यंत शिकले म्हणून माझं बोलणं जरा शहराकडचं, एवढंच. थोरल्या जावेला अहो-जाहो करायचं असतं. पण आमच्या चुली वेगळ्या झाल्या त्या दिवसापासून आमचं जमायला लागलं, आणि तेव्हापासून समोर ती अक्का आणि पाठीमागं एकेरी.

अक्काला माहेर नाही. आई लहानपणीच गेली. एकुलता भाऊ होता, तो तिच्या लग्नानंतर लगेच अपघातात गेला, आणि घराला कुलूप लागलं. पंचमी आली की आळीतल्या सुना पिशव्या भरून एकेक करत निघायच्या. ही दारात उभी राहून सगळ्यांना हात करायची आणि मग आत जाऊन घासलेली भांडी परत घासत बसायची. माझा भाऊ मला न्यायला यायचा तेव्हा त्याला चहा तीच करायची. साखर इतकी घालायची की त्याच्या तोंडाला मिठी बसायची. दुसऱ्याच्या भावाला तरी गोड लागावं, असं असेल तिच्या मनात. मला तिची कणव यायची आणि रागही यायचा. एवढं काय ते माहेर माहेर, म्हणायची मी. ज्याला आहे त्याला तसं म्हणायला काय जातं?

तर आमचं बायकांचं एक मंडळ आहे. कुणा बाईवर, कुणा पोरीवर जबरदस्ती झाली तर तिच्या बाजूनं उभं राहायचं, हे त्याचं काम. पोलीस ठाणं, दवाखाना, कोर्टाची तारीख, कुठंही तिला एकटीला जाऊ द्यायचं नाही. श्रीरामपूरच्या एक वकीलबाई आम्हाला कायद्याचं सांगायला यायच्या, पण मंडळाचा पहिला नियम अक्काचा. काय झालं ते आपण होऊन विचारायचं नाही. तुला काय पाहिजे, ते विचारायचं. आणि तिला विचारल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही.

दिपाली आम्हाला गिरणीत सापडली. दिपाली हे तिचं खरं नाव नाही. हे सगळं सांगू का म्हणून मी तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, सांगा, पण नाव मी ठेवीन. मग हे नाव तिनं ठेवलं आणि तिच्या घरच्यांची नावंही तिनंच बदलून दिली. ती पाथर्डीकडची. नवराबायको ऊस तोडायला आमच्या शिवारात आले होते, कॅनॉलच्या कडेला टोळीच्या कोप्या होत्या, पाचटाच्या झोपड्या. ती दळण घेऊन आली, दळण झालं, डबा भरला, तरी ती हलेना. डब्यावर हात ठेवून भिंतीला टेकून उभीच. अक्कानं तिच्याकडं एकदा बघितलं आणि आपलं दळण तिथंच ठेवून तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली. नुसती उभी. गिरणी बंद व्हायच्या वेळेला विचारलं, कोपीवर जायचं न्हाई का पोरी? तिनं मान हलवली. अक्का तिला घरी घेऊन आली.

टोळीच्या मुकादमाचा मेव्हणा होता तो. त्याहून जास्त मी सांगणार नाही, आणि कुणी विचारूही नये.

त्या संध्याकाळी अक्काच्या ओट्यावर आम्ही चार बायका होतो. पोरगी अंगाचं मुटकुळं करून बसलेली. अक्कानं विचारलं, "तुला काय पायजे?"

मला वाटलं ही म्हणेल त्याला धरा, नाहीतर म्हणेल नवऱ्याला सांगू नका. ती म्हणाली, "आई पायजे."

आता ती कुठून आणायची? पोलिसांत जायला ती तयार झाली, आम्ही सोबत गेलो. दवाखान्यात अक्का तिचा हात धरून बसली. ते सगळं झालं. पण आई नाही आणता आली. आईचं नाव दगडाबाई. तिच्याकडं मोबाईल नव्हता. भाऊ भागवत, त्याला फोन लावला तर त्यानं तो बापाच्या हातात दिला. बाप सूर्यभान म्हणाला, घरात लग्नाची पोर आहे, तिला म्हणावं इकडं फिरकू नको. त्यानंतर भागवतनं बहिणीचा नंबरच बंद करून टाकला. सासरच्यांनी निरोप धाडला, केस मागं घे आणि ये. ती घेईना, म्हणून नवराही गेला. हंगाम संपला, टोळी गेली, आणि ही एवढी मोठी पोरगी सासर-माहेर दोन्हीकडून सुटून आमच्या पदरात पडली.

तिनंच सांगितलं, मला काम पायजे आणि स्वतःची खोली पायजे. श्रीरामपूरला मुलींच्या एका वसतिगृहात पोळ्या लाटायचं काम मिळालं. स्टेशनच्या मागं रतनबाईची खोली मिळाली. रतनबाई म्हातारी, दर रविवारी चर्चला जाणारी, कान तिखट आणि मन मऊ. तारखेच्या दिवशी आम्ही सगळ्या जायचो. कोर्टाच्या व्हरांड्यात एका टोकाला त्या माणसाची माणसं बसायची, दुसऱ्या टोकाला दिपाली, आणि मध्ये आम्ही पदर पसरून, डबे मांडून, ऐसपैस. तिला ती तोंडं दिसायला नकोत म्हणून. शिपाई म्हणायचा, मावशी, वाट सोडा. वाट सोडायचो हो, पण जाणाऱ्याला आमच्या डब्यांवरूनच जावं लागायचं.

पहिल्या वर्षी पंचमीच्या आदल्या दिवशी अक्कानं तिला फोन केला. काय चाललंय? म्हणाली, उपास हाय, भावाचा. आमच्याकडं पंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावासाठी उपास करतात. ज्या भावानं हिचा नंबर बंद केला त्याच्यासाठी ही उपाशी! मी म्हटलं, चुलीत घाल तो भाऊ. अक्का थोड्या वेळानं उठली, चांगलं लुगडं नेसली आणि म्हणाली, मुराळी मी हुते. मिशांचं मी म्हटलं ते तेव्हाच. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि दिपालीला परत फोन लावला. न्यायला येऊ का, विचारलं. मग दिपाली म्हणाली, "या. पन शेवटची गाडी येऊन गेल्यावर या."

पाथर्डीकडची शेवटची गाडी. तिच्यातून कुणी उतरलं तर?

दर वर्षी तसंच. अक्का दुपारीच श्रीरामपूरला जायची आणि स्टँडवर बाकावर बसून राहायची. पाथर्डीकडची गाडी लागली की उतरणाऱ्या एकेका माणसाचं तोंड बघायची. शेवटची गाडी रिकामी झाली की उठून रतनबाईच्या खोलीवर जायची. तिथं दिपाली पिशवी भरून, केस विंचरून बसलेली असायची. अक्का दारात दिसली की तिच्या तोंडावर आनंद यायचा, पण आनंदाच्या आधी दुसरं काहीतरी येऊन जायचं. ते अक्काला दिसायचं. मी एकदा खोदून विचारलं, बाकावर बसून देवाला काय मागता? कुणी उतरू दे म्हणता, का नको उतरू दे? म्हणाली, "उतरू देच म्हनते. पन गाडी रिकामी झाली की माजा जीव भांड्यात पडतो गं. लई वंगाळ हाय मी." मी म्हटलं, वंगाळ नाही, म्हातारी व्हायला लागलात.

घरी आमचे पुंजाराम भाऊजी, अक्काचे मालक, लिंबाला झोका बांधून ठेवायचे. दोर धड आहे का बघायला आधी स्वतः बसायचे, आणि एकदा बसले की लवकर उठायचे नाहीत. पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून पुरणाची दिंडं उकडायची. मंडळाच्या आणखीही लेकी यायच्या, कुठल्या कुठल्या. गावाला एवढंच माहीत की लंकाबाईच्या लेकी आल्या. पहिल्या वर्षी दिपाली झोक्यावर बसली नाही. पुढच्या वर्षी बसली, पाय जमिनीला टेकवून. त्याच्या पुढं एकदा ती उभ्यानं इतकी चढली की भाऊजी ओरडले. आणि ती हसली. अक्का पदर तोंडाला लावून आत गेली, आणि भांड्यांचा आवाज यायला लागला.

मग त्या माणसाला शिक्षा लागली. निकाल पंचमीच्या तोंडावर आला. आम्ही पेढे वाटले. आणि अक्काचं डोकं फिरलं, दुसरं काय म्हणू? म्हणाली, औंदा लेकीला वाजतगाजत आणायची. पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळीच टेम्पो केला, आम्ही सगळ्या दाटीवाटीनं बसून श्रीरामपूरला गेलो, मीही होते. दिपाली नुकती न्हालेली, केस ओले. एवढ्या सकाळी कसं, म्हणाली. अक्का म्हणाली चल, चल. दिपालीनं रस्त्याकडं बघितलं. जरा वेळानं निघू का, असं काहीतरी पुटपुटली. अक्कानं हसत तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "आता कोन येतंय तुजं?"

अगदी मायेनं म्हणाली. दिपालीनं खाली बघितलं, पिशवी भरली, कुलूप लावलं आणि टेम्पोत बसली. ती नाही म्हणाली नाही. म्हणून आम्हाला वाटलं, हो म्हणाली.

पंचमी झकास झाली. ती मात्र गप्प होती. दमली असेल, म्हटलं. सण सरल्यावर अक्का आणि मी तिला पोचवायला गेलो. कुलूप काढेपर्यंत रतनबाई आतून एक गाठोडं घेऊन आली. जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेलं. दिपालीनं ते लांबूनच ओळखलं. ते धडपं तिच्या आईच्या लुगड्याचं होतं.

आम्ही टेम्पो घेऊन आलो त्याच दिवशी दुपारी दगडाबाई आली होती. एकटी. नवऱ्याला आणि लेकाला देवाला जाते म्हणून सांगून, गाड्या बदलत, खोली विचारत विचारत. मुराळी व्हायला त्या घरातलं कुणी तयार नव्हतं, म्हणून तीच आली. दाराला कुलूप. रतनबाई बिचारी सरळ बाई, तिला काय ठाऊक ही कोण? तिनं सांगितलं, पोरीच्या माहेरची माणसं आली होती टेम्पो घेऊन, सकाळीच घेऊन गेली.

त्यावर ती बाई काय म्हणाली, असं दिपालीनं विचारलं. रतनबाई आठवून आठवून म्हणाली, "बरं झालं म्हनली. पोरीला न्यायला कुनीतरी आलं, बरं झालं." मग पायरीवर बसून राहिली, पाणी दिलं तर उपास आहे म्हणून तेही घेतलं नाही, आणि परतीच्या गाडीची वेळ झाली तशी गाठोडं ठेवून गेली. मी तिची आई, एवढं जाता जाता सांगितलं.

दिपालीनं गाठ सोडली. ज्वारीच्या लाह्या होत्या. बाजरीच्या भाकरींना बुरशी आली होती. आणि कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या. तिनं एक चढवायला घेतली, ती अंगठ्याशीच अडली. ऊस तोडून आणि पोळ्या लाटून हात रुंद झालेला. आईच्या ध्यानात तिचा लग्नाआधीचा हात होता.

अक्का रडायला लागली. मी तिला इतक्या वर्षांत तसं रडताना बघितलं नव्हतं. म्हणाली, "न्हाई म्हनली न्हाई म्हंजी व्हय म्हनली असं न्हाई, हे कोर्टात आपुनच सांगत हुतो ना गं सविता? आन मी काय केलं?" मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, आत्ताच्या आत्ता तुज्या गावाला जाते, तुज्या आईचे पाय धरते.

दिपाली बांगड्या कागदात परत ठेवत होती. मान वर न करता म्हणाली, "आता तरी मला इचारा, अक्का."

अक्का जागच्या जागी थांबली. मग हळूच विचारलं, जाऊ का?

"न्हाई. ती चोरून आल्ती. तुमी गेलात तर तिचं येनंच बंद हुईल." आणि मग इतक्या बारीक आवाजात की मला पुढं वाकावं लागलं, "ती आली तर आपसूक येईल. मला तिची वाट बघू द्या."

बोलावल्याशिवाय माहेरी जायचं नाही आणि बोलावणाऱ्याला फोन करता येत नाही. पुढची पंचमी येईपर्यंत करण्यासारखं काहीच नव्हतं. वर्ष कसं काढलं ते त्या दोघींना ठाऊक. दिपाली आमच्याशी तुटली नाही. दिवाळीला आली, मंडळाच्या दुसऱ्या एका पोरीबरोबर तारखेला जाऊन बसायला लागली. पण पाथर्डीचं नाव तिनं काढलं नाही आणि आम्हीही काढलं नाही. अक्कानं मात्र मला भंडावून सोडलं. ज्याला त्याला विचारायची सवय लावून घेतली. सविता, तुज्या अंगनात बसू का? सविता, ह्या वाटीत साखर घेऊ का? अहो घ्या ना, म्हणायची मी, जन्मभर न विचारता घेतलीत! तर म्हणायची, म्हनून तर.

यंदाच्या पंचमीच्या आधी तिनं दिपालीला फोन करून विचारलं, येऊ का न्यायला? दिपाली म्हणाली, मी सांगीन तवा. बास, एवढंच.

आदल्या दिवशी अक्का सकाळपासून उपाशी. आता तुम्हीच सांगा, हिला भाऊ आहे का? तरी दर वर्षी करते. फोन पदराच्या टोकाला बांधलेला. पुरणाची डाळ निवडली, ती परत निवडली. भाऊजींनी झोका बांधला, बसून बघितला, आणि या वेळी लगेच उठले. ऊन कलत गेलं. शेवटच्या गाडीची वेळ झाली, झाली म्हणता म्हणता टळून गेली. फोन आला आणि दिपाली 'या' म्हणाली तर आई आली नाही असं होणार. 'या' म्हणाली तर पोरगी आमच्या घरी येणार. अक्काच्या मनाचं काय होत असेल? तिनं पिशवीत लुगडं भरून ठेवलं होतं आणि पिशवी दाराआड लपवली होती, मला दिसू नये म्हणून.

फोन वाजला. अक्काला ऐकायला कमी येतं, म्हणून मी तो मोठ्यानं लावून दिला.

"अक्का," दिपाली म्हणाली, "औंदा येऊ नका."

पलीकडं कुणीतरी बाई हळू आवाजात काहीतरी म्हणत होती, भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"आई हाय हितं. घरी न्यायला न्हाई आली, घरचं दार अजून बंदच हाय. ती माझ्यापाशी ऱ्हानार हाय पंचमीला."

"तिला उपास आसंल," अक्का म्हणाली. "च्या तरी दिलास का?"

"दिला. दोनदा प्याली."

"बरं झालं," अक्का म्हणाली. "कुनीतरी आलं, बरं झालं."

हे शब्द मी कुठं ऐकले होते ते मला लगेच आठवलं. अक्काला आठवलं की नाही, मी विचारलं नाही. फोन ठेवून ती दाराआड गेली, पिशवीतलं लुगडं काढून घडी करून ठेवलं, आणि मला वाटलं आता भांडी वाजणार. पण ती बाहेर आली आणि लिंबाखाली जाऊन झोक्यावर बसली. इतक्या वर्षांत दुसऱ्याच्या लेकींना झोके दिले, स्वतः कधी बसलेली मी बघितली नव्हती. पाय जमिनीला टेकवून, दोर धरून, रस्त्याकडं बघत बसली. पोरीसाठी जे मागितलं होतं ते मिळालं होतं, आणि आमचं अंगण रिकामं होतं.

मला राहवलं नाही. मागं जाऊन तिला एक झोका दिला.

तिनं पाय घट्ट रोवले आणि मागं न बघता म्हणाली, "इचारलंस का?"

माझ्यासारखीला काय विचारायची सवय? पण विचारलं. "देऊ का, अक्का?"

"दे," म्हणाली, आणि पाय वर उचलले.

मी देत राहिले. ती रस्त्याकडं बघत होती. शेवटची गाडी केव्हाच येऊन गेली होती.